ऑझीसाठी रडणं हा देखावा आहे का?

परळचा_रॉकर

२२ जुलै २०२५ ला ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला, वय ७६. पार्किन्सन असल्याचं त्याने २०२० मध्येच जाहीर केलं होतं त्यामुळे आज ना उद्या हे होणार हे कळत होतं, तरी मी आणि आमचा जुना ग्रुप अजून सावरलेलो नाही. रविवारी परळला एका मित्राकडे जमून ब्लॅक सॅबथचे सुरुवातीचे अल्बम ओळीने ऐकायचं ठरवलंय. हे ऑफिसात बोललो तर एक सिनियर सगळ्यांसमोर म्हणाले, ज्याला तू कोण हे माहीत नाही त्याच्यासाठी डोळ्यात पाणी आणणं म्हणजे निव्वळ देखावा. खूप लागलं मला ते.

५ जुलैचा बर्मिंगहॅमचा शेवटचा शो बघा कोणीही. व्हिला पार्क स्टेडियम, म्हणजे हा माणूस ज्या ॲस्टनमध्ये वाढला तिथलंच, आणि उभं राहता येत नाही म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गातोय, बसल्या बसल्या हात वर करून टाळ्या वाजवतोय, डोळे मोठे करून पब्लिककडून गाऊन घेतोय, मध्येच आवाज कापतो की पब्लिक ती ओळ उचलून धरतं. त्यानंतर सतरा दिवसांत गेला. कॉलेजात असताना टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा असे त्यांचे दोन अल्बम भरून घेतले होते. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, त्यात वॉकमन कानाला लावून मला जी स्वतःची जागा मिळाली ती ह्या आवाजाने दिली. त्याचं ऋण मानायला ओळख कशाला लागते? तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

ठाणे_फास्ट

तुझ्या सिनियरची भाषा चुकली असेल, पण मुद्दा मला पटतो. ९ जूनला मुंब्र्याजवळ बाजूबाजूने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, जीव गेले. ती माझ्याच लाइनवरची माणसं. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर गाडी आली तेव्हा डबा दोन मिनिटं गप्प होता, मग परत फोन सुरू. त्यांच्यासाठी कोणी रविवारी जमलं का? आपलं दुःख आपण निवडतो आणि नेमकं लांबचं, प्रसिद्ध माणसाचं निवडतो कारण त्यात आपल्याला काही करायला लागत नाही. रडू नको असं म्हणत नाहीये मी. आधी जवळचं दिसू दे एवढंच.

ड्रॉप_ट्यूनिंग

@ठाणे_फास्ट मुंब्र्याचा संताप मला पण आहे, पण ऑझीसाठी रडणाऱ्याला तिथल्या माणसांचं काही वाटत नाही हे तू कशावरून ठरवलंस? आणि लांबचं म्हणतोयस म्हणून लिहितो.

ऑझीचे वडील फॅक्टरीत रात्रपाळी करायचे, तो स्वतः कत्तलखान्यात कामाला होता. बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, कामाचा शेवटचा दिवस, न आलेल्या माणसाच्या जागी मशिनवर उभा केला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. डॉक्टरांनी गिटार विसर सांगितलं. त्याने साबणाच्या प्लॅस्टिक बाटलीचा तुकडा वितळवून टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या, आणि पुढे तारा दाबायला सोपं जावं म्हणून ट्यूनिंग खाली उतरवलं. तो जो जड, खोल आवाज आहे ना, ज्याला आज जग हेवी मेटल म्हणतं, त्यामागे हे कापलेलं बोट आहे.

माझे वडील गिरणीत होते, सांच्यावर, म्हणजे मागांच्या खडखडाटात. १९८२ च्या संपानंतर परत कामावर गेलेच नाहीत. पंख्याच्या आवाजाने पण दचकायचे आणि ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलायचो. १९७० चा तो पहिला अल्बम मी पहिल्यांदा लावला तेव्हा मला परकं काही वाटलंच नाही, कारखान्याशेजारी वाढलेल्या पोरांचं आहे हे कोणी न सांगता समजलं. लालबाग आणि ॲस्टन लांब असतील नकाशावर. मी रडलो, आणि मला कोणाला उत्तर द्यायचं नाही.

धोबीतलाव

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. रंगभवनच्या खुल्या थिएटरात इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल ऐकत मोठा झालोय मी, पावसात भिजत, स्पीकरच्या पुढ्यात. सायलेन्स झोनमध्ये ते गेलं. ऱ्हिदम हाऊस, आपलं कॅसेट-सीडीचं दुकान, २०१६ ला बंद झालं. दोन्ही वेळेला आपण असेच हळहळलो आणि घरी गेलो. ऑझीला रडायला आख्खं जग आहे रे. बर्मिंगहॅममध्ये ३० जुलैला रस्त्यावर हजारो लोक उभे होते, ब्लॅक सॅबथच्या नावाच्या पुलावर फुलांचा खच. इथे आपल्या पोरांचा बँड स्वतःची गाणी वाजवतो तेव्हा समोर मित्र, मित्रांच्या मैत्रिणी आणि साउंडवाला. मे महिन्यात महालक्ष्मीला गन्स अँड रोझेस आले तर त्या महागड्या तिकिटांना पैसे होते आपल्याकडे, आणि लोकल गिगच्या पाचशे रुपयांना आपण गेस्ट लिस्ट, म्हणजे फुकट एन्ट्री, मागतो. मेलेल्यावर जेवढं प्रेम आहे त्यातलं थोडं जिवंत असणाऱ्यांच्या वाट्याला येऊ दे. रविवारी जमा, जरूर जमा, पण त्यातल्या किती जणांनी यावर्षी इथला एक तरी बँड तिकीट काढून ऐकलाय ते एकमेकांना विचारा.

निळी_छत्री

सगळे इतकं छान लिहिताय आणि एक गोष्ट कोणीच लिहीत नाहीये. १९८९ मध्ये दारू आणि ड्रग्जच्या नशेत ह्या माणसाने बायकोचा, शॅरनचा गळा दाबला होता. खुनाच्या प्रयत्नासाठी अटक झाली. तिने केस पुढे नेली नाही म्हणून सुटला. स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावल्याचा किस्सा सगळे हसत हसत सांगतात, हा कोणी सांगत नाही. आमच्या मजल्यावर एक वहिनी होत्या, नवरा भजनात पहाडी आवाजाचा, गेला तेव्हा सगळ्या चाळीने देवमाणूस म्हणून हार घातले आणि त्या कोपऱ्यात बसून होत्या, एक शब्द नाही. मला ते दृश्य विसरता येत नाही. गाणी मला पण आवडतात. पण श्रद्धांजली म्हटली की अर्धा माणूस गाळून टाकायचा ही पद्धत मला मान्य नाही.

परळचा_रॉकर

@निळी_छत्री ते मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही, तुझं बरोबर आहे की ते लिहायला हवं. पण एक सांगतो, ती शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली, तो नंतर महिनोन्महिने उपचार घेत होता. याने गुन्हा धुतला जात नाही. फक्त तिचा निर्णय तिचा आहे, तो आपण तिच्या वतीने बदलू शकत नाही.

@धोबीतलाव येत्या महिन्यात कुठला बँड कुठे वाजवतोय ते इथे टाक, रविवारी सगळ्यांकडून तिथेच तिकिटं काढून घेतो. गेस्ट लिस्ट नाही.

@ठाणे_फास्ट तुला बोलवतोय. गाणी नाही आवडली तरी ये.

निळी_छत्री

तिचा निर्णय तिचाच आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाहीये. मी तुमच्याबद्दल बोलतेय. रविवारी कोणीतरी त्याचे किस्से सांगायला लागेल तेव्हा हा पण सांगणार का, तेवढ्याच मोठ्याने? सांगणार असाल तर मी पण येते.

ठाणे_फास्ट

रविवारी मेगाब्लॉक आहे. बघतो.