न दिसणारा वॉटरमार्क व्हॉट्सॲपवरून फिरल्यावर टिकतो का? मदत हवी आहे

मंडळी, मी नेरूळची. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो डीपीएस तळ्यावर येतात, तेव्हाचे फोटो काढते. त्यातला एक थवा सध्या एका बिल्डरच्या ब्रोशरवर उडतोय. कोपऱ्यात माझं नाव होतं, तेवढी पट्टी कापलीय. नाव मधोमध टाकलं तर फोटोच कशाला काढायचा?

म्हणून न दिसणाऱ्या वॉटरमार्कच्या मागे लागलेय. पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये खूण लपवणं सोपं, पण जेपेग केलं, म्हणजे फाइल दाबून लहान केली, की ती गेलीच. जेपेग 8×8 पिक्सेलच्या चौकोनांवर डीसीटी करतं, म्हणजे चित्राचे संथ आणि बारीक बदल (फ्रिक्वेन्सी) वेगळे करतं, म्हणून खूणही तशाच मधल्या फ्रिक्वेन्सीत ठेवतात: वरच्या कॉम्प्रेशनमध्ये उडतात, खालच्यांना हात लावला तर डोळ्याला दिसतं. पायथॉनची इनव्हिजिबल-वॉटरमार्क लायब्ररी वापरून पाहिली. तिच्यातली डीडब्ल्यूटी-डीसीटी पद्धत (डीसीटीला वेव्हलेट नावाच्या दुसऱ्या गणिताची जोड) जेपेगला पुरून उरली, पण फोटो लहान केला की खूण सापडेना. आणि व्हॉट्सॲप नेमकं तेच करतं, वर एक्झिफही (फाइलमधली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती) पुसतं.

साध्या लॅपटॉपवर चालेल आणि लहान केल्यावर, कापल्यावरही टिकेल असं काही आहे का? शिवाय समोरच्याने माझ्याच फोटोवर स्वतःची खूण चढवली तर? मग दोघांच्याही खुणा निघणार!

प्रतिसाद:
ताई, मूळ फोटो तुमच्याकडेच आहे ना? मग सापडलेली प्रत आधी त्यावर बसवून घ्या, मूळ आकाराला आणा आणि मग खूण शोधा. दर वेळी जमेलच असं नाही, पण फरक पडतो.

दोन खुणांचा पेच मात्र नुसत्या वॉटरमार्कने सुटत नाही. तिथे रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), न कापलेली फ्रेम आणि आगेमागचे शॉट्स कामाला येतात. कॉपीराइट फोटो काढल्यापासूनच असतो, नोंदणीची सक्ती नाही. आणि कोपऱ्यातलं नाव सोडू नका हो! 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 ला कलम 65बी आलं. हक्काची अशी माहिती जाणूनबुजून काढली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वकिलाला हे कलम आवर्जून दाखवा.

धागाकर्ती:
रॉ आहेत, अख्खा बर्स्ट (एका दमात सलग काढलेले शॉट्स) आहे. बिल्डर म्हणतो, फोटो डिझायनरने दिला. मी तो तीन-चार ग्रुपवर टाकला होता, कुठून गेला कोण जाणे. पुढच्या वेळी प्रत्येक ग्रुपला वेगळी खूण घालून पाठवायची म्हणते. एकाच फोटोच्या अशा प्रती एकदम काढायची स्क्रिप्ट कुणाकडे आहे का?