मॅट्रिक्सच्या आधी हीटरची तोटी पाहावी
थर्मोस्टॅट (इंजिनातील पाण्याचे तापमान राखणारी झडप) बदलूनही एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा हीटर थंड वाराच फेकतो, म्हणजे मॅट्रिक्स (गरम पाणी ज्यातून फिरते तो हीटरमधला छोटा रेडिएटर) चोंदले असणार, हा निष्कर्ष शक्य असला तरी घाईचा वाटतो. कारण मॅट्रिक्ससाठी या गाडीतील हीटरची पेटी बाहेर काढणे इतके जिकिरीचे आहे की, ज्याने ते एकदा केले तो दुसऱ्यांदा आपणहून त्या वाटेला जात नाही. इंजिन पुरते तापल्यावर हीटरला जोडलेल्या दोन्ही रबरी नळ्या हाताने चाचपून पाहाव्यात. एक चटका देणारी आणि दुसरी गार असेल, तर मॅट्रिक्सवर संशय घेणे योग्य. दोन्ही गार असतील, तर गरम पाणी बहुधा तिथवर पोहोचतच नाही.

माझ्या १९७१ च्या गाडीत दोन्ही गारच होत्या. इंजिनाच्या सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसवलेली, हीटरकडे गरम पाणी सोडणारी तोटी केबलबरोबर व्यवस्थित उघडत होती, म्हणून मी बराच काळ तिला निर्दोष मानले. शेवटी ती सोडवली, तेव्हा तिच्यामागचे हेडमधील छिद्र विटकरी रंगाच्या घट्ट गाळाने गच्च भरलेले दिसले. (वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतत राहिल्याचा हा प्रसाद.) इंजिन गार असताना स्क्रूड्रायव्हरने गाळ खरवडून पाणी सोडल्यावर वाट मोकळी झाली. तोटीचे नवे गॅस्केट मात्र आधीच आणून ठेवावे.