कोकणात कॅराव्हॅन न्यावी का कॉटेजच बरं? (लातूरहून)

मांजराकाठ_लातूर
मंडळी, डिसेंबरात लेकरांच्या सुट्ट्यात तारकर्लीला जायचं ठरायलंय. आम्ही आठ जण, त्यात आई-दादा (वडील) सत्तरीच्या पुढचे. मेव्हण्याच्या डोक्यात कॅराव्हॅन बसलीय, भाड्यानं घ्यायची, तिच्यातच झोपायचं, तिच्यातच चहा-पाणी, म्हणे २०२१ ला सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलंय. मला वाटतंय आपली गाडी न्यावी अन् कॉटेज घ्यावं. आईला मासे चालत नाहीत हे वेगळंच. कुणी नेलीय का?

गोदाकाठ_नांदेड
धोरण कागदावर ठीक हाय हो, पण आठ जण झोपणार कुठं? बसायला शिटा जास्त असतात, झोपायच्या बर्थ कमी, आधी ते विचारा. लातूरहून औसा-तुळजापूर-सोलापूर, पुढं मंगळवेढा-सांगोला-मिरज करत कोल्हापूर, इथपर्यंत मजेत जाताल. खरी परीक्षा पुढंच हाय, राधानगरीवरून फोंडा घाट नाहीतर गगनबावड्यावरून करूळ घाट, उंच गाडी वळणावर हेलकावे खाते अन् मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मळमळतं. निघायच्या आधी घाट चालू हाय का ते विचारून घ्या. एका दमात पाचशेच्या आसपास किलोमीटर करू नका, कोल्हापुरात मुक्काम टाका.

अंबाजोगाईची_लेक
दादा, मी नोकरीमुळं कुडाळला राहते म्हणून सांगते. मालवणहून तारकर्लीवरून देवबागकडं जाणारा रस्ता एकदम अरुंद, दोन्ही बाजूला जांभ्या दगडाचे गडगे, वर माडाच्या झावळ्या अन् विजेच्या तारा. समोरून एसटी आली की छोट्या गाडीलाच मागं घ्यावं लागतं, मग तुमच्या त्या डब्याचं काय होईल बघा. अन् किनाऱ्यावर गाडी उतरवायची हौस तर अजिबात नको, चाक वाळूत रुतलं अन् भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं.

तारकर्लीला एमटीडीसीची (सरकारी पर्यटन महामंडळाची) कोकणी घरं हायेत, सुरूच्या बनात, समुद्राला लागून. पण नाताळात ती लवकर भरतात, आत्ताच बघा. आईची काळजी करू नका, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं की काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे, सोलकढी मिळतं. ज्वारीचं पीठ मात्र सोबत घ्या, इथं भाकर तांदळाची, चार दिवसांत आपल्या माणसाचं तोंड वाकडं होतं. थंडीचं सामान फार नको, रात्री पातळ चादर पुरते.

बीडचा_भटक्या
सगळेच कॅराव्हॅनला नावं ठेवायलेत म्हणून लिहायलो. आम्ही नेली होती, चौघंच होतो, झकास झालं. रस्त्यात संडास-बाथरूमची पंचाईत नाही, हे म्हाताऱ्यांसाठी लई मोठं सुख हाय, आपल्याकडच्या हायवेवर बायकांचे हाल काय होतात माहीत हाय ना. फक्त पाणी भरायचं कुठं अन् घाण पाण्याची टाकी रिकामी कुठं करायची हे आधी ठरवा, वाडीतल्या नाल्यात सोडून येऊ नका. एसी रात्रभर बॅटरीवर चालत नसतो, लाइटीचं कनेक्शन देणारा जागामालक लागतो. अन् भाडं ठरवताना रोजचे किमान किलोमीटर विचारा, गाडी चार दिवस माडाखाली उभी राहिली तरी मीटर चालूच असतो.

मांजराकाठ_लातूर
ताई, आईला घावण्याचं सांगितलं, खूश हाय. आठ जणांत कॅराव्हॅन जमत नाही हे मेव्हण्याला पटलं पण रुसलाय. दोन गाड्या अन् कॉटेज बघायलो. सिंधुदुर्ग किल्ल्यावर दादांना न्यायचंय, होडीत चढता येईल का त्यांना?

अंबाजोगाईची_लेक
येईल, पण सकाळी लवकर जा, तेव्हा गर्दी कमी असते, नावाडी हात धरून चढवतात. आत चालणं बरंच हाय, शिवराजेश्वराच्या (शिवाजी महाराजांच्या) देवळापर्यंत नेलं तरी बास.