५जीमध्ये संगणकशास्त्राचा वाटा नेमका कोणता?

प्रश्न

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रत्येक उदयोन्मुख तंत्रज्ञान संगणकशास्त्राच्याच बळावर उभे आहे, असे माझ्या संगणक शाखेतील मैत्रिणींचे म्हणणे आहे आणि मला ते पटत नाही. ५जीचेच पाहा. अँटेना, लहरी, चिप हे सारे आमच्या शाखेचे काम. मग संगणकशास्त्राने त्यात ॲप लिहिण्यापलीकडे काय केले? ‘सॉफ्टवेअर सगळीकडेच असते’ हे उत्तर कृपया नको. संगणकशास्त्र काढून घेतले तर ५जी चालणारच नाही, अशी एखादी जागा बोट ठेवून दाखवता येईल का?

प्रतिसाद १

अशा दोन जागा आहेत. पहिली थोडक्यात सांगतो. ५जीचा संदेश हजारो उपवाहक लहरींवर वाटून पाठवला जातो आणि त्या वेगळ्या करण्यासाठी फोनला फूरिये रूपांतर, म्हणजे एकत्र मिसळलेल्या लहरी सुट्या करणारे गणित, करावे लागते. ४,०९६ बिंदूंचे रूपांतर थेट व्याख्येप्रमाणे केले तर सुमारे १ कोटी ६८ लाख गुणाकार लागतात. कूली आणि ट्यूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या रीतीने तेच काम सुमारे २५ हजारांत उरकते. उपवाहकांमधले अंतर ३० किलोहर्ट्झ असेल, तर हे सेकंदाला २८ हजार वेळा करायचे असते, तेव्हा पहिल्या रीतीचा विचारही करायला नको.

दुसरी जागा चूकदुरुस्तीची, आणि ती अधिक रंजक आहे. संदेश नेणाऱ्या प्रत्येक वाहिनीला माहिती वाहण्याची ठरावीक क्षमता असते आणि तिच्या मर्यादेत राहिल्यास चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले. मात्र ते प्रत्यक्षात कसे करावे, हे त्या सिद्धतेतून हाती लागत नव्हते. रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० मध्ये एमआयटीतील आपल्या प्रबंधात जी युक्ती मांडली, ती शाळेत आपण गणिताचा ताळा करून पाहत असू त्याच जातीची आहे. संदेशातील मोजक्या बिटांवर (म्हणजे ० किंवा १ या अंकांवर) एक ताळा बसवायचा, म्हणजे त्यांची बेरीज समच आली पाहिजे. असे पुष्कळ ताळे, पण कोणत्याही एका बिटावर थोडेच. संदेश गोंगाटातून पोहोचल्यावर प्रत्येक बिट आपल्या ताळ्यांना ‘मी बहुधा १ आहे’ असे कळवतो, ताळे त्याला ‘बाकीच्यांकडे पाहता तू ० असावास’ असे उलट कळवतात, आणि काही फेऱ्यांनंतर बहुतेक वेळा सगळे ताळे जुळतात. त्या काळच्या यंत्रांना हा हिशेब झेपण्यासारखा नव्हता, त्यामुळे ही कल्पना जवळजवळ तीस वर्षे अडगळीत पडली. १९९० च्या दशकाच्या मध्यास डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी ती पुन्हा उजेडात आणली आणि आज ५जीवरचा आपला डेटा याच एलडीपीसी (लो-डेन्सिटी पॅरिटी-चेक, म्हणजे विरळ ताळ्यांच्या) संकेतांत बांधून येतो.

प्रतिसाद २

माहिती योग्य आहे, परंतु श्रेयाच्या वाटणीवर माझी हरकत आहे. शॅनन आणि गॅलगर हे दोघेही विद्युत अभियांत्रिकीच्या परंपरेतले. प्रश्नकर्तीने त्यांना आपल्या बाजूला ओढले तर तिला चूक म्हणता येणार नाही.

संगणकशास्त्राचा खरा वाटा मला दुसरीकडे दिसतो. अपुऱ्या पुराव्यावरून यंत्राने तर्क कसा करावा, म्हणजे लक्षणांवरून रोग कसा ओळखावा, या प्रश्नासाठी संगणकशास्त्रज्ञ जुडिया पर्ल यांनी १९८० च्या दशकात एक रीत तयार केली. ३जी आणि ४जीमध्ये चूकदुरुस्तीसाठी वापरलेले टर्बो संकेत ज्या पद्धतीने उलगडले जातात, ती पर्ल यांच्याच रीतीचे एक रूप आहे, हे १९९८ मध्ये दाखवून देण्यात आले. वर वर्णन केलेली बिट आणि ताळ्यांची बोलाचालीही तीच. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी घडवलेले हत्यार मोबाइलच्या पोटात आधीपासूनच चालू होते, फक्त त्याला ते नाव नव्हते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. म्हणजे अडचण चांगला संकेत सापडण्याची नव्हती, तो परवडणाऱ्या वेळात उलगडण्याची होती, असे समजू का? आणि हे केवळ दूरसंचारापुरतेच खरे आहे का?

प्रतिसाद ३

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. कोणताही रेषीय संकेत (अशा ताळ्यांवर बेतलेला संकेत) सर्वसाधारणपणे अचूक उलगडणे हा एनपी-पूर्ण प्रश्न आहे, म्हणजे तो झटपट सोडवण्याची सरसकट रीत कोणालाही ठाऊक नाही, हे १९७८ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून उलगडायला सोपी पडेल अशी रचना मुद्दाम घडवावी लागते, आणि गॅलगर यांच्या विरळ ताळ्यांचे मोल त्यातच आहे.

दुसऱ्यासाठी क्वांटम संगणकाकडे पाहावे. क्युबिट, म्हणजे त्यातले बिट, इतके नाजूक असतात की चूकदुरुस्तीवाचून मोठी आकडेमोड शक्यच नाही. आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एलडीपीसीच्याच कुळातील एक क्वांटम संकेत प्रसिद्ध केला, ज्यात २८८ भौतिक (चिपवरच्या प्रत्यक्ष) क्युबिटांत १२ तार्किक (चुकांपासून जपलेले, आकडेमोडीचे) क्युबिट सांभाळता येतात. पृष्ठ-संकेत या प्रचलित क्वांटम संकेताने तेवढ्याच संरक्षणासाठी जवळजवळ ३,००० लागले असते. त्यात एक मेख मात्र आहे. प्रत्येक क्युबिटाला चारऐवजी सहा क्युबिटांशी जोडावे लागते आणि त्यांतले काही चिपवर बरेच दूर असतात. ती जोडणी कशी करायची, हा प्रश्न पुन्हा तुमच्याच शाखेच्या दारात येतो.