मदत हवी आहे: ‘सिंटिलेशन’ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘सिंटिलेशन’ (प्रकाशाचं चमकणं, चमचमणं) या एकाच शब्दापाशी दोन दिवस अडले आहे.

मूळ लॅटिन ‘सिंटिला’, म्हणजे ठिणगी. तीच ठिणगी जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आली आणि तिचे ‘टिन्सेल’ (चमकी, जरीची झगमग) आणि चक्क ‘स्टेन्सिल’ झाले! स्टेन्सिलच्या मुळाशी चमचमत्या रंगांनी सजवण्याचा अर्थ आहे, हे कळल्यावर मी हरखूनच गेले.

आता अडचण. ताऱ्यांचं सिंटिलेशन म्हणजे हवेच्या हलत्या थरांमुळे होणारं लुकलुकणं, तिथे मराठी शब्द अगदी चपखल बसतो. पण लेखात १९०९ चा गायगर आणि मार्सडेन या शास्त्रज्ञांचा प्रयोगही आहे. अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारा अतिसूक्ष्म कण) झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की प्रकाशाचा इवलासा ठिपका क्षणभर चमके. अंधाऱ्या खोलीत, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते असे ठिपके एकेक करून मोजत. याला ‘लुकलुक’ म्हणवत नाही, कारण तारा पुन्हा पुन्हा लुकलुकतो, हा ठिपका एकदाच. ‘लखलखाट’ फार मोठा, ‘चकाकी’ स्थिर. ‘स्फुल्लिंग’ अर्थाने जवळचा, पण सातवीतल्या मुलांना जड जाईल. माझा कल ‘ठिणगी’कडे आहे, फक्त तिच्यात आग आणि चटका येतो, इथे तर निव्वळ प्रकाश.

दोन्हीकडे चालेल असा एक शब्द सुचतो का? की दोन वेगळे घ्यावेत? काजव्यासाठी, पाण्यावरच्या उन्हासाठी तुमच्या बोलीत खास शब्द असेल तर तोही नक्की सांगा.