अँजिओत धमन्या मोकळ्या, ट्रोपोनिन वाढलेला: टाकोत्सुबोबद्दल दोन शंका

सीसीयू_प्रशिक्षण

हृदयरोग अतिदक्षता विभागात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदर्ससाठी टिपण तयार करत आहे. नेहमीचे चित्र असे: साठी ओलांडलेली बाई, घरात नुकताच मृत्यू झालेला, काही तासांत छातीत दुखू लागते. ईसीजीत व्ही २ ते व्ही ५ (छातीवरच्या लीड) मध्ये एसटी भाग उचललेला, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारे प्रथिन) वाढलेला. अँजिओत (हृदयाच्या धमन्यांची एक्स-रे तपासणी) मात्र अडथळा नाही. इकोत (हृदयाची सोनोग्राफी) डाव्या खालच्या कप्प्याचे टोक फुगलेले, ईएफ (दर ठोक्याला त्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा वाटा) ३५ टक्के. निदान टाकोत्सुबो, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता लुळा पडणे.

धक्का मनाला बसतो, मग हृदयाचे टोकच का लुळे पडते? आणि पहिल्या तीन दिवसांत रुग्णाजवळ असणाऱ्यांच्या हातून काय चुकू शकते?

अधिवृक्क

आधी रसायन. धक्का बसल्यावर सेकंदांत दोन नळ उघडतात. सिंपथेटिक तंतू (ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या नसा) थेट हृदयाच्या स्नायूत नॉरॲड्रेनलिन सोडतात, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचा गाभा रक्तात ॲड्रेनलिन ओततो. २००५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या विटस्टाइन आणि सहकाऱ्यांनी अशा १९ रुग्णांचा अभ्यास छापला. रक्तातली ही संप्रेरके गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही २ ते ३ पट निघाली होती.

आता टोकाचा प्रश्न. टोकाकडे सिंपथेटिक तंतू विरळ, पण बीटा ग्राहक (ॲड्रेनलिन जिथे चिकटून काम करते ती पेशींवरची प्रथिने) दाट. म्हणून रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनचा मारा तिथे जास्त जाणवतो. नेहमीच्या मात्रेत बीटा-२ ग्राहक ‘जीएस’ प्रथिनामार्फत आकुंचनाचा जोर वाढवतो. मात्रा फारच चढली की तोच ग्राहक ‘जीआय’ प्रथिनाकडे वळतो आणि जोर कमी करतो. हे उंदरांमध्ये दाखवले गेले आहे, आणि मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण तेच. त्याच्या जोडीला बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पेशीत कॅल्शियम साचते.

महत्त्वाचे हे की बहुतेक स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. म्हणूनच भिंतीचा एवढा मोठा भाग हलत नसूनही ट्रोपोनिन बेताचा वाढतो, आणि भिंतीवर ताण असल्याने बीएनपी (भिंत ताणली की हृदय सोडते ते संप्रेरक) मात्र भरपूर. ही विसंगती टिपणात ठळक लिहा. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचे संरक्षण ओसरते, हे बायकांमध्ये प्रमाण जास्त असण्याचे एक संभाव्य कारण.

नावाचेही सांगा, लक्षात राहते. हिरोशिमाच्या सातो यांनी १९९० साली हे वर्णन केले. ‘टाकोत्सुबो’ म्हणजे ऑक्टोपस पकडायचे मडके: गळा अरुंद, बूड गोल. कप्प्याचा आकार तसाच दिसतो.

तिसरी_लीड

रसायन वरच्यांनी सांगितले, मी वॉर्डातले सांगतो.

पहिली चूक: ‘घरात दुःख झालंय, म्हणजे टाकोत्सुबो’ असे दारातच ठरवणे. एसटी उचललेला असेल तर तो अटॅक समजूनच धावपळ करायची. हे निदान साधारणपणे अँजिओनंतरच पक्के होते.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत घातक: बीपी पडले की सवयीने डोब्युटामिन (हृदयाचा जोर वाढवणारे औषध) किंवा ॲड्रेनलिन लावणे. आजारच त्या संप्रेरकाच्या अतिरेकाचा, त्यात आणखी तेच ओतायचे म्हणजे आगीत तेल. साधारण पाचातल्या एका रुग्णात वेगळाच घोळ असतो. टोक लुळे, पण बुंधा इतक्या जोराने आवळतो की रक्त बाहेर पडायची वाटच अरुंद होते आणि मायट्रल झडपेचे पान त्या वाटेत ओढले जाते. नवी मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू आली तर हाच संशय घ्या. अशा वेळी डोब्युटामिन, नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारे), लॅसिक्स (लघवी वाढवणारे), तिन्हींनी अडथळा वाढतो. म्हणून बीपी पडले की डॉक्टरांना तातडीने बोलवा आणि डॉपलरसह (रक्ताचा वेग मोजणारी तपासणी) इको होईपर्यंत इनोट्रोप, म्हणजे जोर वाढवणारी ही औषधे, स्वतःहून सुरू करू नका. अडथळा असेल आणि फुप्फुसात पाणी नसेल, तर उपाय उलटा: जपून सलाईन आणि एस्मोलॉलसारखा अल्पजीवी बीटा ब्लॉकर (बीटा ग्राहक अडवणारे औषध).

तिसरी गोष्ट क्यूटी, म्हणजे ईसीजीवर खालच्या कप्प्यांच्या विद्युत्-चक्राला लागणारा वेळ; ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केला की क्यूटीसी. २४ ते ४८ तासांत टी लाटा खोल उलट्या होतात आणि क्यूटीसी लांबतो. छातीतले दुखणे थांबलेले असते, नातेवाईक ‘आता बऱ्या आहेत’ म्हणतात, आणि नेमका तेव्हाच टोरसाडचा (ठोक्यांची जीवघेणी गडबड) धोका असतो. रोज ईसीजी, मॉनिटर काढायची घाई नाही. क्यूटीसी ५०० मिलिसेकंदांपुढे गेला की लगेच कळवा. पोटॅशियम ४ mEq/L च्या वर, मॅग्नेशियम २ mg/dL च्या वर ठेवा. ॲड्रेनलिन पोटॅशियम पेशींत ढकलते, त्यामुळे ते कमी सापडणे नवल नाही. मळमळ होते म्हणून ऑनडानसेट्रॉन आणि खोकला आहे म्हणून ॲझिथ्रोमायसिन, हे दोन्ही क्यूटी लांबवतात. देण्याआधी विचारा.

सीसीयू_प्रशिक्षण

आभार. मानसिक कारण सापडलेच नाही तर निदानावर शंका घ्यायची का? आणि कॉर्टिसॉल (ताणाचे दुसरे संप्रेरक) तपासून काही कळते का?

अधिवृक्क

शंका घेऊ नका. २०१५ साली आलेल्या १,७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत शारीरिक कारण ३६ टक्के, भावनिक २७.७ टक्के, आणि २८.५ टक्क्यांत काहीच सापडले नाही. दमा, शस्त्रक्रिया, मेंदूतला रक्तस्राव, सगळ्यांतून तेच संप्रेरक सुटते. अधूनमधून डोकेदुखी, घाम आणि बीपीचे झटके असा इतिहास असेल तर फिओक्रोमोसायटोमासाठी (अधिवृक्क ग्रंथीतली ही संप्रेरके सोडणारी गाठ) मेटानेफ्रिन (ही संप्रेरके मोडून बनणारे पदार्थ) जरूर तपासा. पण आयसीयूतल्या ताणाने ती थोडी वाढलेली असतातच, शक्यतो रुग्ण स्थिर झाल्यावर करा.

कॉर्टिसॉलचा इथे उपयोग नाही. ते धक्क्यानंतर २०-३० मिनिटांनी चढते, सकाळी एरवीही जास्त असते, आणि आयसीयूतल्या जवळपास प्रत्येकाचे वाढलेलेच असते.

तिसरी_लीड

डिस्चार्जबद्दल राहिले होते. ईएफ बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतो, म्हणून ४ ते ८ आठवड्यांनी इको ठरवूनच घरी पाठवा. टोक हलत नसताना तिथे गुठळी धरू शकते. पहिल्या इकोत टोक नीट दिसले नसेल तर पुन्हा बघायला सांगा, गुठळी असेल तर रक्त पातळ करणारे औषध साधारण ३ महिने चालते. पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास. बीटा ब्लॉकरने ते टळते असे दिसलेले नाही, त्यामुळे घरच्यांना तसे वचन देऊ नका.