त्रिनिदाद-टोबॅगोला जायचंय. जाऊन आलेल्यांनी अनुभव सांगा

पर्वतीपायथा

फेब्रुवारीत १२ दिवस त्रिनिदाद आणि टोबॅगोला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांचं वय ७३. १९७१ साली ते कॉलेजात होते आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, तेव्हापासून त्यांना ते मैदान एकदा डोळ्यांनी बघायचंय. सरदेसाईंचे ११२, गावसकरांच्या पदार्पणातले ६५ आणि नाबाद ६७, सगळं तोंडपाठ आहे. सासूबाई शुद्ध शाकाहारी, एकादशीही करतात. नवऱ्याला समुद्र हवा. मला कुणी भांडू नये एवढंच हवंय.

"दहा प्रेक्षणीय स्थळं" छापाचं वाचून डोकं उठलंय. कुठे चुकलात, कशाला पैसे गेले, काय परत करावंसं वाटतं, ते लिहा.

मिसिसागाची माई

आम्ही दोनदा गेलोय. टोरांटोहून थेट विमान आहे, पाच-साडेपाच तास. सासूबाईंच्या जेवणाची काळजी सोडा. त्रिनिदादमध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, उलट वजन वाढवून येतो.

सकाळी रस्त्याकडेला डबल्स मिळतात. हळद घातलेल्या मऊ मैद्याच्या दोन पुऱ्या (ते बारा म्हणतात), त्यात छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि तिखट. विकणारा विचारतो, किती तिखट? तुम्ही कितीही झणझणीत खाणाऱ्या असाल, पहिल्या दिवशी "स्लाइट" म्हणायचं. मी कोल्हापूरची आहे, ऐटीत "मीडियम" म्हटलं आणि रस्त्यावर उभी राहून रडले. ती मिरची आपल्या लवंगीच्या वंशातली नाही.

दालपुरी म्हणजे पुरणपोळीच, फक्त गूळ नाही. भाजलेल्या जिऱ्याची आणि वाटलेल्या डाळीची. साहीना खाल्ला तेव्हा मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. अळूवडी! पानं अळूचीच, तिकडे डॅशीन म्हणतात. देबे नावाच्या गावात रस्त्यावर ओळीने टपऱ्या आहेत, तिथे फुलोरी (वाटलेल्या डाळीची भजी) आणि साहीना खाण्यासाठी अर्धा दिवस दिला आणि तो वाया गेला असं आजही वाटत नाही.

एक मात्र जपा. कॅलालू नावाची भाजी दिसते थेट अळूच्या फदफद्यासारखी, नारळाचं दूधही असतं, पण तिच्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं शेपूट घालतात. विचारल्याशिवाय ताटात घेऊ नका.

आणि आता मुद्द्याचं. चग्वानासच्या बाजारात एक बाई नातवाला ओरडत होत्या, "गो बाय युअर आजी!" मी थबकलेच. तिकडे वडिलांच्या आईला आजी आणि वडिलांच्या वडिलांना आजा म्हणतात. शब्द भोजपुरीतून गेलाय, मराठीतून नाही. ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) उतरले, तेव्हापासूनचा. पण मला माझी आजी आठवली ती आठवलीच. त्या बाईंशी अर्धा तास बोलले. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी त्यांच्या इंग्रजीपुढे लंगडं पडत होतं. तरी शेवटी आंब्याच्या कुचेल्याची (किसलेल्या कैरीच्या लोणच्याची) बाटली हातात पडली.

पाचवा दिवस

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी जुलै २०२३ च्या कसोटीला गेलो होतो, भारत-वेस्ट इंडीजमधली शंभरावी. कोहलीचा पाचशेवा आंतरराष्ट्रीय सामना, त्यात त्याचे १२१. ते शतक समोर बसून बघितलं. पाचव्या दिवशी आपल्याला जिंकायला आठ विकेट हव्या होत्या आणि एकही चेंडू पडला नाही. दिवसभर पाऊस. मी छत्री विसरलो होतो, कारण "कॅरिबियन म्हणजे ऊन" असा माझा समज.

तर पहिला धडा: जून ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. जानेवारी ते मे कोरडं. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्यामुळे त्रिनिदाद बहुतेक वेळा वाचतं, पण साधा पाऊस कुणाला चुकलाय.

सामना नसताना मैदान आतून बघायचं असेल तर क्लबच्या कार्यालयात आधी विचारून ठेवा. मागे नॉर्दर्न रेंजचे डोंगर दिसतात, ते दृश्य एकट्याने पैसे वसूल करतं. त्याच मैदानावर १९७१ च्या दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत गावसकरांनी दाढदुखी सोसत १२४ आणि २२० केले. टॅक्सीवाल्याला मी "सनी गावसकर" एवढंच म्हटलं, तर त्याने त्यांच्यावरच्या कॅलिप्सोची (तिकडच्या लोकगाण्याची) ओळ गाऊन दाखवली. वय त्याचं पस्तिशीचं असेल. ७१ साली जन्मलाही नव्हता.

एडिसनचा अण्णा

कागदपत्रांवर लिहितो, कारण आमची फजिती तिथेच झाली.

एक. आम्हाला भारतीय पासपोर्टवर त्रिनिदादला पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागला नाही. पण नियम बदलतात, निघण्याआधी त्यांच्या वकिलातीला विचाराच. खरा अडसर वाटेतला. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा हवा. "आम्ही विमानतळाबाहेर पडणारच नाही" हे तिथे कुणी ऐकत नाही.

दोन, आणि हे कुणीच सांगत नाही: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. त्रिनिदाद आपल्याला ती मागत नाही, भारत मागतो. परतताना! भारताच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसला तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आम्ही त्रिनिदादहून न्यू जर्सीत दोन दिवस थांबून मुंबईला गेलो. माझ्याकडे दाखला होता, मेव्हण्याकडे नव्हता. पुढचं लिहीत नाही, त्याची बायको हे वाचते.

साठीपुढच्या माणसांना ही लस देताना डॉक्टर जरा विचार करतात. तुमच्या सासू-सासऱ्यांसाठी फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोला, तिकिटं काढायच्या आधी.

तीन. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. तिथे सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. मेव्हण्याची हिरवी-खाकी बर्मुडा पियार्को विमानतळावरच बॅगेच्या तळाशी गेली. (हो, तोच मेव्हणा.)

दर्यावर्दी

पॉइंट लिसासला अमोनिया भरायला जहाज लागायचं, तेव्हा किनाऱ्यावर उतरायला सहा तास मिळाले. तेवढ्यात दोन देवळं बघितली. वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ आणि कारापिचैमाचं दत्ताचं देऊळ. तिथला हनुमान ८५ फुटी. गुहागरच्या माणसाला त्रिनिदादमध्ये दत्त भेटला, आणखी काय पाहिजे.

समुद्रातल्या देवळाची गोष्ट सासूबाईंना आधी सांगून ठेवा. शिवदास साधू नावाच्या ऊसमजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं गेलं, त्याला तुरुंगात घातलं. जमीन तुमची ना? मग समुद्र तर कुणाचा नाही, म्हणून त्याने सायकलवरून दगडमाती वाहून भर टाकली आणि पाण्यात देऊळ उभं केलं. पंचवीस वर्षं लागली. ओहोटीला गेलात तर आजूबाजूला नुसता चिखल दिसतो. भरतीची वेळ बघून जा.

खरं सांगू का

सगळे गोड लिहितायत म्हणून मी. मला त्रिनिदाद आवडलं नाही. म्हणजे लोक आवडले, जेवण आवडलं, पण सुट्टी म्हणून नाही. पोस्टरवरचं निळं पाणी डोक्यात घेऊन गेलो होतो. ओरिनोको नदीचं पाणी तिथवर येतं, त्यामुळे त्रिनिदादचा बराचसा समुद्र हिरवट-गढूळ दिसतो. माराकासचा किनारा सुंदर आहे, पण लाटा जोरदार. सत्तरीच्या माणसांनी गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये.

सुरक्षिततेबद्दल कुणी बोललं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आणि परत जुलै २०२५ मध्ये तिथे आणीबाणी लागली, टोळ्यांच्या गुन्हेगारीमुळे. आम्हाला काही झालं नाही. पण अंधार पडल्यावर पायी हिंडलो नाही, रस्त्यात हात करून टॅक्सी घेतली नाही, घरमालकाच्या ओळखीचाच ड्रायव्हर घेतला. त्याचे पैसे जास्त गेले. बजेटमध्ये हे धरा.

पिच लेकही सांगतो. ला ब्रीआचा डांबराचा तलाव, शंभरेक एकर. १५९५ मध्ये वॉल्टर रॅलेने तिथल्या डांबराने जहाजांच्या फटी बुजवल्या होत्या. बायको म्हणाली, "एवढ्या लांब येऊन पार्किंग लॉट बघायचा?" दिसतो तसाच. पण वर चालताना पायाखाली किंचित दबतो, ते मात्र विसरलो नाही. वाटाड्याशिवाय जाऊ नका, काही ठिकाणी पाय रुततो.

मिसिसागाची माई

@खरं सांगू का, कॅरोनी दलदलीत गेला नाहीत वाटतं? दुपारी चारच्या सुमाराला होडी निघते, सूर्यास्ताला लाल शराटी पक्षी शेकड्यांनी परततात आणि हिरवं बेट बघता बघता लाल होतं. तुमच्या बायकोलाही आवडलं असतं. डासांचं मलम मात्र हवंच.

दोघींची आई

टोबॅगोवर कुणीच धड लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

आमची मोठी चूक: कार्निव्हल संपला की शांतता असेल असं समजून त्याच आठवड्यात टोबॅगो ठरवलं. कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या (ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपवास सुरू होतात तो बुधवार) आधीच्या सोमवार-मंगळवारी असतो. तो संपला की थकलेलं अर्धं त्रिनिदाद आराम करायला टोबॅगोलाच येतं! विमानं भरलेली, म्हणून फेरीबोट घेतली. चार तास, आणि बोकासच्या खाडीतून बाहेर पडल्यावर बोट अशी हलली की धाकटीने माझ्या ओंजळीत ओकारी काढली. विमानाला २५ मिनिटं लागतात. ज्येष्ठांना घेऊन फेरीने जाऊ नका, हात जोडून सांगते.

तुमचा फेब्रुवारी म्हणजे नेमका कार्निव्हलच्या तोंडावर. सासऱ्यांना रात्रभर स्टीलपॅन (पोलादी पिंपांचं वाद्य) ऐकायचं असेल तर उत्तम. नसेल तर खोल्यांचे भाव बघून घाम फुटेल. बरीच ठिकाणं पाच-सहा रात्रींपेक्षा कमी देतच नाहीत.

पण टोबॅगो, अहाहा. पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या बोटीने बुकू रीफ, मग नायलॉन पूल. भर समुद्रात कमरेएवढं पाणी, तळाला पांढरी वाळू. पोहता न येणारी माझी आई तिथे उभी राहून गाणी म्हणत होती. तुमच्या नवऱ्याचा समुद्र तो हाच. वरच्या डोंगरातलं मेन रिजचं जंगल १७७६ पासून राखीव आहे, पाऊस टिकावा म्हणून झाडं तोडायची नाहीत असा कायदा तेव्हाच केला. वाटाडा घेऊन दोन तास चाललो, गुडघे दुखणाऱ्यांनी गिलपिन ट्रेलचा सुरुवातीचाच भाग करावा.

शाकाहार मात्र टोबॅगोत अवघड. खेकडा-डंपलिंगचं राज्य आहे. स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्या. आणि भारतातून किटली नेऊ नका, तिथे वीज ११५ व्होल्टची. आमच्या किटलीत पाऊण तासाने पाणी कोमट झालं. आईने त्यात चहा केला. प्यायलोसुद्धा.

कासवमित्र

मार्चनंतर जात असाल तर मातुरा किंवा ग्रांड रिव्हिएर हे कासवांचे किनारे चुकवू नका. मी वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं बघितली होती, ती कासवं चाळीस-पन्नास किलोची. इथे लेदरबॅक, काही पाचशे किलोंच्या वर. रात्री अंधारात वाळू उपसल्याचा आवाज आधी येतो, मग धाप टाकल्याचा. मोसम १ मार्च ते ३१ ऑगस्ट, परवाना लागतो, फक्त लाल दिवा, फ्लॅश बंद. मातुरात गावातलीच माणसं वाटाडे आहेत. त्यांच्यातल्या एकाने सांगितलं की त्याच्या बापाने कासवं मारून विकली.

पर्वतीपायथा

सगळ्यांचे आभार. फेब्रुवारी रद्द, मार्चचा शेवट ठरवतोय. सहा दिवस त्रिनिदाद, पाच टोबॅगो, मधे विमानच. टोबॅगोत स्वयंपाकघराची खोली बघितली. लसीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली, ते हो म्हणाले तरच पुढचं. सासरे अण्णांची पोस्ट वाचून म्हणाले, "ओव्हलसाठी सुई टोचून घेतो, पण त्या मेव्हण्याचं काय झालं ते विचार."

एक राहिलं. त्या दिवसांत एकादशी येतेय. सासूबाई विचारतात, तिकडे साबुदाणा मिळेल का, की इथूनच न्यायचा?

दर्यावर्दी

साबुदाणा कशाला नेताय, बाजारात कसावाचे ढीग असतात. साबुदाणा त्याचाच करतात. उकडून, जिरं-मिरची-दाण्याचं कूट लावून द्या. रताळीही मिळतात. दाण्याचं कूट तेवढं घरून न्या.